देवगडच्या दमट हवेत गिनी पिग: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गिनी पिग पाळावेत का, असे कोकणपट्टीवर राहणाऱ्या कोणी मला विचारले, तर मे महिन्यातल्या दुपारी घरातली सर्वांत थंड जागा कोणती आणि पावसाळ्यात कोरडे गवत कुठे ठेवणार, हे दोन प्रश्न मी आधी विचारते. हा प्राणी गोड आहे, माणसाळतो आणि सहसा चावत नाही, हे सगळे खरे. पण त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत आहे आणि त्याला मानवणारे तापमान साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस आहे. देवगडात उन्हाळ्यात पारा तिशीच्या पुढे असतो आणि समुद्राच्या दमट वाऱ्यामुळे तो आहे त्याहून अधिक जाणवतो. मार्चअखेरीस आम्ही चिंगी आणि भिंगरी या दोन माद्या घरी आणल्या. त्यांच्यासोबत दोन्ही ऋतू काढल्यानंतर जे उमजले, ते नव्याने पाळणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

दोन आणण्याचे कारण आधी सांगते. गिनी पिग हा कळपाने राहणारा प्राणी आहे आणि एकटा ठेवला तर तो खंगतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालापासून तो एकटा पाळण्यास कायद्यानेच मनाई आहे. माणसाने कितीही वेळ दिला, तरी तो दुसऱ्या गिनी पिगची जागा घेऊ शकत नाही. सोबत म्हणून ससा ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मात्र मुळीच ऐकू नये, कारण सशाच्या लाथेने इजा होते आणि सशाला न बाधणारे श्वसनाचे काही जंतू गिनी पिगला आजारी पाडतात.

पहिले काही आठवडे या दोघी लाकडी खोक्यातून बाहेरच येत नसत. माणूस जवळ आला की जागच्या जागी थिजत आणि डोळ्याची पापणीही हलवत नसत. हे रुसणे नाही आणि आजारपणही नाही. हा शिकार होणारा प्राणी आहे, त्यामुळे वरून येणारा हात त्याला घारीसारखा वाटतो. आम्ही पिंजरा माजघरात कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर ठेवला, हात नेहमी समोरून आणि खालून न्यायचा असा घरात नियम केला आणि दोघींना स्वतंत्रपणे लपता येईल अशी दोन खोकी दिली. लपायला जागा जितकी भरवशाची, तितका तो प्राणी लवकर धीट होतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्यांचे आवाज ओळखणे हा या पाळण्यातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. विळीवर कोथिंबीर चिरल्याचा आवाज स्वयंपाकघरातून आला की माजघरातून दोघींची लांब, चढत जाणारी शीळ सुरू होते आणि पिंजऱ्याच्या कडेला पुढचे पाय टेकून त्या उभ्या राहतात. अंगावरून हात फिरवताना येणारी खोल, संथ घरघर समाधानाची असते. तीच घरघर तुटक आणि उंच पट्टीत आली, किंवा जनावराने डोके झटकन वर उडवले, तर हात काढून घ्यावा. दातांवर दात वाजवण्याचा कटकट आवाज हा सरळ इशारा आहे आणि त्या वेळी दोघींच्या मध्ये हात घालू नये. ठरावीक अंतराने भिंगरी अंग डोलवत, गुरगुरत चिंगीभोवती फिरते आणि मुलांना ते भांडण वाटते. पण मादी साधारण दर सोळा दिवसांनी माजावर येते आणि हे वागणे बहुतेक वेळा त्यातलेच असते. रक्त निघत नसेल तर मध्ये पडण्याची गरज नसते. संध्याकाळी नवे गवत टाकले की चिंगी कढईतल्या लाहीसारखी चारही पायांवर जागच्या जागी उडते, हवेत अंगाला झोल देते आणि पुन्हा उडते. तो निखळ आनंद असतो.

नव्या माणसाला घाबरवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. चिंगी-भिंगरी स्वतःच्या लेंड्यांपैकी मऊ लेंड्या थेट गुदाशी तोंड नेऊन खातात. पचनाच्या दुसऱ्या फेरीतून जीवनसत्त्वे मिळवण्याची ती त्यांची नैसर्गिक रीत आहे, ती थांबवू नये. दुसरे म्हणजे त्या उघड्या डोळ्यांनी, थोडा थोडा वेळ झोपतात. सासूबाई पहिल्या आठवड्यात सारख्या विचारत, "गो, ही निजतत तरी कधी?"

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोन संशोधकांनी गिनी पिगला केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्या प्राण्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाला, आणि त्या रोगाचे कोडे उलगडण्याची वाट तिथून मोकळी झाली. दररोज दर किलो वजनामागे किमान १० मिलिग्रॅम आणि आजारपणात किंवा गाभणपणात त्याहून बरेच जास्त क जीवनसत्त्व पोटात जावे लागते. आम्ही रोज ढोबळी मिरचीची फोड आणि मूठभर कोथिंबीर देतो, अधूनमधून पेरूची लहान फोड देतो. पाण्यात घालायच्या थेंबांवर मी विसंबत नाही, कारण उजेडात ते जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. पाकिटातल्या गोळीखाद्यातलेही ते दमट हवेत टिकत नाही, म्हणून लहान पाकीट घ्यावे आणि त्यावरची उत्पादनाची तारीख पाहावी. पालक आणि शेवग्याचा पाला क्वचितच द्यावा, कारण मूतखड्याचा धोका असतो. श्रावणात परसात माजलेला अळू, कांदा, लसूण, बटाट्याचे कोंब आणि पाला यांच्या वाटेला जाऊच नये.

मात्र आहाराचा मुख्य भाग गवतच आहे. पुढचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात आणि सतत गवत चावूनच त्यांची झीज होते. गवत कमी पडले तर दाढा वाढून जिभेवर येतात आणि जनावराला खाताच येत नाही. आपल्याकडे भाताचा पेंढा मुबलक मिळतो, पण त्यात पोषण फार कमी असते. तो अंथरायला ठीक आहे, जेवण म्हणून नाही. टिमोथी गवत ऑनलाइन मिळते, परंतु पावसाळ्यात पार्सल उशिरा आणि ओलसर येते. बुरशीचा किंचित वास आला तरी ते गवत बाहेर टाकावे, हा माझा आग्रह आहे. आम्ही गवत झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात थोडे थोडे काढून ठेवतो आणि उघडीप मिळाली की ऊन दाखवतो. सड्यावरचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचे, गवत पाऊस सरल्यावर कापून वाळवतात, ते स्वच्छ आणि स्वस्त असते. मात्र आंब्याच्या बागेतले घेऊ नये, कारण मोहोरासाठी कलमांवर फवारलेले औषध खालच्या गवतावरही उतरते.

मे महिना खडतर गेला. गिनी पिगला घामाने अंग थंड करता येत नाही. दुपारी आम्ही पिंजरा जांभ्याच्या जाड भिंतीलगत हलवत असू, बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवत असू आणि लाईट गेली की दारावर ओले गोणपाट टांगत असू, तेही वारा खेळता असेल तरच, नाहीतर ओल आणखी वाढते. जनावर अंग पसरून निपचित पडले, धापा टाकू लागले किंवा तोंडाला लाळ आली, तर कान आणि पाय साध्या गार पाण्याने ओले करून लगेच डॉक्टर गाठावेत. बर्फाचे पाणी ओतू नये.

पावसात वेगळेच काम निघाले. आषाढात भिंगरीच्या नाकावर केस गळून चण्याएवढा कोरडा, पांढरट चट्टा दिसला. तो गजकर्णाचा होता आणि तो माणसांनाही होतो, म्हणून मुलांना हात लावू न देता मी हातमोजे घालून मलम लावत असे. तालुक्याच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशी आणि शेळ्यांवर बसलेला, त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आणि फोनवरून कोल्हापूरच्या एका जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन औषध दिले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे, कारण या प्राण्याला अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधे पोटातून दिली तर ती जीवघेणी ठरतात आणि अंदाजाने औषध देण्याला इथे जागाच नाही. अंथरुणासाठी जाड कापडी थर पावसात वाळत नाहीत, म्हणून आम्ही जुन्या सुती साड्यांच्या घड्या वापरतो, रोज बदलतो आणि इस्त्री फिरवून कोरड्या करतो. जाळीच्या तळाचा पिंजरा घेऊ नये, त्याने तळपायांना जखमा होतात.

आजार लपवणे हा या प्राण्याचा स्वभाव असल्यामुळे मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी दोघींचे वजन करून वहीत लिहिते. चट्टा उठला त्या आठवड्यात भिंगरी खाताना दिसत होती, शीळही घालत होती, पण काटा खाली आला होता. अर्धा दिवस जनावर काही खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील, तर सकाळची वाट पाहू नये, कारण आतडे थांबले की ते पुन्हा चालू करणे अवघड असते.

घ्यायचेच असतील तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावेत, म्हणजे उन्हाळ्याआधी तुम्हाला आणि त्यांना चार-पाच महिने मिळतात. दोघांना मिळून किमान साडेसात चौरस फूट जमीन हवी. दुकानात दाखवतात ते पिंजरे बहुधा त्याहून लहान असतात. नर-मादीची खात्री दुकानदाराच्या शब्दावर न सोडता डॉक्टरांकडून करून घ्यावी, कारण मादी महिन्याभराच्या वयातही गाभण राहू शकते. आयुष्य पाच ते आठ वर्षांचे असते, त्यामुळे पाचवीतल्या मुलीसाठी आणलेला गिनी पिग तिच्या दहावी-बारावीच्या वर्षातही घरात असेल आणि तेव्हा रोजचे गवत, वजन आणि साफसफाई कोण पाहणार, हे घरातल्या मोठ्यांनी आधीच आपसात ठरवावे.