वॉर इन द ईस्ट २ : पावणेदोनशे हेक्सची राखण

वॉर इन द ईस्ट २ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनी-रशिया लढाईचा कॉम्प्युटर गेम. आधीच सांगतो, रशियात घुसून मॉस्को कसं घ्यायचं हे वाचायला आला असाल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. जून १९४१ पासूनचे पहिले पंधरा-वीस टर्न कोणालाही मजा येते, टँक घेऊन धावत सुटायचं, वेढे घालायचे, कैदी मोजायचे. मग हिवाळा येतो, सगळं गोठतं आणि बरेच लोक गेम बंद करून परत पहिल्यापासून सुरू करतात. मी पण दोनदा तेच केलं. तिसऱ्यांदा ठरवलं की काही झालं तरी जर्मन बाजूने १९४४ पर्यंत जायचं, आणि तेव्हा कळलं की आपण इतके दिवस नुसता ट्रेलर बघत होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक टर्न म्हणजे एक आठवडा, एक हेक्स म्हणजे नकाशावरचं एक षटकोनी घर, दहा मैल, सोळा किलोमीटर, आणि हातात डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या तुकड्या. मॅन्युअल पाचशे पानांच्या वर आहे, खोटं नाही सांगत. त्यातलं रसदीचं प्रकरण मी नौपाड्यात झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घेतलं तर तो म्हणतो, "साहेब, कुठली डिपार्टमेंटल परीक्षा आहे का?" काय सांगणार, हो म्हटलं. महापेहून घोडबंदर रोडला घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात, जेवण झालं की एक टर्न, आणि आघाडी लांब असली की एक टर्न दोन-दोन रात्री चालतो. समोर कॉम्प्युटर नाही, ऐरोलीचा माझा एक कॉलेजचा मित्र सोव्हिएत बाजूने खेळतो, म्हणजे चूक केली की ती रविवारी तलावपाळीवर चारचौघांत ऐकून घ्यावी लागते.

तर नोव्हेंबर १९४२. माझी आघाडी मी एकदा बसून मोजली, वाकडीतिकडी पावणेदोनशे हेक्स भरली. आणि मी काय केलं, तर सोसायटीच्या प्रत्येक गेटवर एकेक वॉचमन उभा करावा तशी प्रत्येक हेक्समध्ये एकेक डिव्हिजन उभी केली. दिसायला काय सुंदर रेघ होती! मागे मात्र काहीच नाही. मित्राने डॉन नदीच्या काठावर माझे रुमानियन, म्हणजे जर्मनांच्या बाजूने लढणारे रुमानियाचे सैनिक, कुठे आहेत ते शोधलं, तीन हेक्समध्ये सगळं सैन्य गोळा केलं, आणि एका टर्नमध्ये भोक पाडून मागचं रेल्वे जंक्शन घेतलं. बाकीच्या १७० हेक्समधली माझी माणसं तिथे उभी राहून बघत बसली. वर मेसेज, "भावा, इतिहास वाचत जा."

वाचला होता ना, तेच तर दुःख आहे. १९ नोव्हेंबर १९४२ ला खरोखर हेच झालं होतं, डॉनवर रुमानियाची तिसरी आर्मी, टँकविरोधी तोफा पुरेशा नाहीत, नदीच्या अलीकडे सोव्हिएत फौजेने आधीच पाय रोवलेले, आणि चार दिवसांत उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून येणारे दोन्ही हात डॉनकाठच्या कलाच गावाजवळ भेटले. जर्मनांची सहावी आर्मी स्टॅलिनग्राडमध्ये अडकली ती अडकलीच. गेम तुम्हाला हे पाठ करायला लावत नाही, तो फक्त तीच अडचण तुमच्यासमोर ठेवतो आणि तुम्ही स्वतःच्या पायाने चालत त्याच खड्ड्यात जाता. मला या गेमबद्दल सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

मग शिकलो. पहिलं म्हणजे प्रत्येक हेक्स भरायची गरजच नाही. प्रत्येक युनिटचा दाब शेजारच्या सहा हेक्सवर पडतो, शत्रूला तिथून सरकायला जास्त पॉईंट लागतात, त्यामुळे एक भरलेलं एक रिकामं असं सोंगट्यांसारखं मांडलं आणि मागे दुसरी तशीच ओळ ठेवली तर तो घुसतो पण लांब जात नाही, दमतो. नदी आणि दलदल फुकटची फौज आहे, प्रिपेतच्या दलदलीसमोर मी जेमतेम नावाला माणसं ठेवतो. आणि पॅन्झर, म्हणजे जर्मन टँक डिव्हिजन, पुढच्या रेघेत अजिबात नाही, ते मागे, रिझर्व्ह मोडवर, म्हणजे पुढे कोणावर हल्ला झाला की आपणहून मदतीला धावायची शक्यता असते. हातचं राखून खेळणं म्हणजे काय ते इथे समजतं, कारण राखलेली ती डिव्हिजन दर टर्नला तुम्हाला खुणावते की मला पुढे टाक ना, ते बघ भोक.

दुसरं, अंथरूण पाहून पाय पसरा. मार्च १९४३ मध्ये जर्मनांनी मॉस्कोच्या पश्चिमेला रझेव्हजवळ आघाडीचा पुढे आलेला फुगवटा आपणहून सोडला, आघाडी आखडली, आणि वीसेक डिव्हिजन मोकळ्या झाल्या. गेममध्ये हे करताना जीव तुटतो कारण शहरांना पॉईंट असतात, आणि ती तटबंदी तुम्ही महिनोन् महिने खणलेली असते. मी एक अख्खा हिवाळा रझेव्ह धरून बसलो, सोडलं तेव्हा लक्षात आलं की दोन महिने उशीर झालाय आणि तिथल्या डिव्हिजन अर्ध्या झाल्यात.

रेल्वेबद्दल तर मी तासभर बोलू शकतो, ठाणेकर असल्यामुळे असेल (१८५३ ला पहिली गाडी कुठे आली होती, विसरू नका). रशियाचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, जर्मनांपेक्षा रुंद, त्यामुळे रूळ बदलून घेतल्याशिवाय त्यांच्या गाड्या पुढे जात नाहीत, आणि गेममध्ये त्यासाठी रेल्वे दुरुस्तीच्या वेगळ्या युनिट असतात. त्या कुठल्या लाईनवर लावायच्या हा निर्णय तुम्ही १९४१ मध्ये घाईघाईत घेता आणि त्याची फळं १९४३ मध्ये भोगता. दुहेरी लाईनवर माल भरपूर जातो, एकेरी लाईनवर चार डिव्हिजन एकदम पाठवल्या की सगळं तुंबतं, अगदी संध्याकाळी ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर होतं तसं. माझी राखीव फौज एकदा अशीच रुळावर अडकली होती आणि खार्कोव्ह गेलं. रसदीच्या डेपोंना शून्य ते चार अशी प्रायॉरिटी देता येते, मी नवीन असताना सगळ्यांना चार देऊन ठेवली होती, म्हणजे कोणालाच दिली नाही.

कोणी घ्यावा? ज्याला दोन तासांत निकाल हवाय त्याने अजिबात नको, अक्षरं बारीक आहेत, बटणं भरमसाट, फक्त विंडोजवर चालतो, मी शेवटी मोठा मॉनिटर घेतला आणि बायकोला ऑफिसचं काम म्हणून सांगितलं. किमतीसाठी सेलची वाट बघा. आणि पूर्ण कॅम्पेनपासून सुरुवात करू नका, छोटे सिनारिओ आहेत त्यात आधी रसद समजून घ्या. मी मात्र साडेचार स्टार देतोय, अर्धा कापला तो हवाई दलाच्या स्क्रीनसाठी, ते मला अजून धड जमत नाही म्हणून मी बहुतेक ऑटोवर टाकून देतो.

सध्या आमच्या डावात जून १९४४ लागलाय. खऱ्या युद्धात हिटलरने व्हिटेब्स्क, ओर्शा, मोगिलेव्ह, बोब्रुइस्क ही शहरं काही झालं तरी सोडायची नाहीत असा हुकूम दिला होता आणि २२ जूनला सुरू झालेल्या हल्ल्यात आघाडीच्या मधली जर्मनांची अख्खी आर्मी ग्रुप साफ झाली. मी व्हिटेब्स्क मे महिन्यातच रिकामं केलंय. मित्राला अजून माहीत नाही, त्याचा टर्न आज रात्री आहे.