शाळा की स्वयंशिक्षण? आमच्या एका घरातले दोन मार्ग

मुलाला शाळेतून काढावं का, हा प्रश्न मनात घोळत असलेल्या नाशिकमधल्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. आमच्या घरी दोन्ही प्रकार एकाच वेळी चालले. मोठी मुलगी राज्य मंडळाच्या मराठी शाळेत, आणि धाकटा पाचवीनंतर दोन वर्षं घरी.

आधी एक गल्लत दूर करू. स्वयंशिक्षण आणि प्रकल्पातून शिक्षण या दोन गोष्टी आपण एकच धरतो. प्रकल्पात प्रश्न ठरलेला असतो, मोठं माणूस त्याला वळण देतं आणि शेवटी हाती काहीतरी तयार होतं. स्वयंशिक्षणात काय शिकायचं हेच मूल ठरवतं. अमेरिकेतली सडबरी व्हॅली शाळा १९६८ मध्ये सुरू झाली, तिथे सक्तीचा एकही तास नसतो. आम्ही मधलं काहीतरी केलं: विषय मुलाने निवडायचा, पण घेतलेलं काम तडीस न्यायचं. आणि हे परदेशी फॅड आहे असं कुणी म्हणालं, तर कामातून शिकवणारी नई तालीम १९३७ साली वर्ध्यात मांडली गेली आणि डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळचा विज्ञान आश्रम १९८३ मध्ये सुरू केला, हे त्यांना जरूर सांगा.

शाळेतही 'प्रकल्प' असतो. मुलीची प्रकल्पवही मी रात्री साडेदहाला पूर्ण करून दिलेली आहे. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, कापायचा, चिकटवायचा. त्यात अर्धं अक्षर माझं. याचा दोष मी बाईंना देत नाही, एका वर्गात पन्नास मुलं असली की दुसरं काय होणार?

घरचा प्रकल्प कसा असतो, ते एका उदाहरणाने सांगते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकच विचारतं, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? मुलाने विचारलं, किती क्युसेक सोडलं की कमरेपर्यंत येतं? तो रोज पेपरातला विसर्गाचा आकडा वहीत लिहू लागला. संध्याकाळी बाबांबरोबर पुलावर जाऊन पाणी पायाला आहे की गुडघ्याला, हे नोंदवायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ते डोक्यात उतरेना, म्हणून न्हाणीघरातली पंधरा लिटरची बादली भरून पाहिली. सेकंदाला जवळपास दोन बादल्या! मग हजार क्युसेक म्हणजे काय, हे त्याचं त्याला कळलं. पुढे त्याचा आलेख चुकायला लागला. आकडा तोच, पण पाणी कधी जास्त, कधी कमी. धरणाखालचे नाले, शहरातला पाऊस, पाणी पोहोचायला लागणारा वेळ, असं एकेक कारण त्याने महिनाभर शोधलं. माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत मी एका प्रश्नाच्या इतकी मागे लागले नव्हते.

आता दुसरी बाजू, तीही तितक्याच मोकळेपणाने सांगते. त्याच वर्षी त्याला अपूर्णांकांचा भागाकार येत नव्हता. त्याच्या एकाही प्रकल्पाला तो लागलाच नव्हता! प्रकल्पाला जेवढं लागतं तेवढंच मूल शिकतं, बाकीचं तसंच राहून जातं आणि ते राहिलंय हे लवकर कळतही नाही. मुलीचं लसावि-मसावि, अपूर्णांक, व्याकरण क्रमाने झालं. कंटाळली, पण झालं. शाळेची खरी ताकद मला इथे दिसली: कुणीतरी आधी बसून क्रम लावलेला असतो. नवख्या मुलाला फारसं मार्गदर्शन न करता 'शोधून काढ' म्हणणं कमी उपयोगी पडतं, असं कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलं होतं. आमचा अनुभव त्याला दुजोरा देतो. शेवटी आम्ही रोज सकाळी पाऊण तास गणित आणि मराठी लेखन ठरवून टाकलं. त्यात निवड नाही.

खर्चाचं म्हणाल, तर फी वाचते आणि वेळ जातो. मी माझं काम अर्ध्यावर आणलं. घरी दोघंही पूर्णवेळ नोकरीला असतील आणि मुलाजवळ बसणारं जाणतं माणूस नसेल, तर मी हा मार्ग सुचवणार नाही.

मित्रांचा प्रश्न मी फार हलका धरला होता. दुपारी सोसायटीत सामसूम, पोरं शाळेतून सुटली की क्लासला. तो साडेपाचपर्यंत गॅलरीत वाट बघायचा, हे मला आजही लागतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा, २००९ हा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानतो, पण त्यासाठी पालकांना दंड सांगत नाही. शिक्षण मध्येच सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूदही त्यात आहे, म्हणजे परतीचं दार उघडं राहतं. शाळा सोडल्याचा दाखला मात्र जपून ठेवा. दहावीसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येतं. किंवा एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय: चौदा वर्षं पूर्ण हवीत, किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि विषय पाच वर्षांत सोडवत नेता येतात. एका दमात सगळं न झेपणाऱ्या मुलाला हे फार सोयीचं.

तिसरी वाट आपण विसरतो. नाशिकमध्येच आनंद निकेतनसारखी मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा आहे. तिथे जाऊन, बसून, पाहून या. सोबत्यांची संगत आणि अनुभवातून शिकणं एकाच ठिकाणी मिळत असेल, तर घरी सगळं एकट्याने पेलायची गरज नाही. मला पुन्हा निवडायचं झालं, तर पहिली ते चौथी मी अशीच शाळा शोधेन. मूल शाळेत रोज रडतंय, आजारी पडतंय, तर घरी आणायला मी कचरणार नाही. नुसतं 'हुशार आहे, शाळेत वेळ वाया जातो' एवढंच कारण असेल, तर थांबा. शाळा सुटल्यावरचे दोन तास आणि रविवार आधी वापरून बघा.

येत्या मे महिन्यात एवढं करा. मुलाला एक प्रश्न निवडू द्या. द्राक्षाच्या एका घडात किती मणी असतात, लासलगावचा कांद्याचा भाव रोज का बदलतो, पांडवलेण्यांच्या डोंगरात पाणी कुठून येतं, काहीही. एक कोरी वही द्या. दोन आठवड्यांनी उत्साह मावळेल, तेव्हा तुम्ही ओरडता, सोडून देता की शेजारी बसता, हे स्वतःकडे नीट बघा. महिना संपला की वही उघडा. अक्षर बहुतेक मुलाचं असेल, तर जूनआधी घरात सगळ्यांशी, आजीआजोबांशीसुद्धा, बोलायला घ्या. तुमचंच जास्त असेल, तर या वर्षी शाळा सुरू राहू द्या आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा करून पाहा.