दहा हजारांचं शिबिर: एका जुन्या कॅशियरचा अभिप्राय

मी 31 वर्षं बँकेत कॅश सांभाळली. पैसे दिले की पावती मागायची आणि पावती हातात आली की ती उलटी करून मागे काय छापलंय तेही बघायचं, ही खोड रिटायर झालो तरी जात नाही. मिक्सर घेतला तर लोक अभिप्राय लिहितात, देणगी दिली तर कुणी लिहीत नाही. म्हणून म्हटलं आपण लिहू. संस्थेचं नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि माणसं चांगली आहेत.

सातारा जिल्ह्यात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाचं नवल नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच. 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंनिस उभी केली. मी म्हणतोय ती संस्था वेगळी, पाच-सहा शिक्षकांनी चालवलेली. दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या 40 मुलांचं तीन दिवसांचं निवासी शिबिर घेतात. मुलाकडून 200 रुपये, बाकी देणगीदारांकडून. मी 10,000 दिले. वर शकुनाचा एक रुपया घालणार होतो, पण खजिनदार बाईंसमोर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी न सांगता जाऊन बसलो. शाळेच्या पटांगणात विटांचं कुंड, त्यात काळसर जांभळी पूड. ती पोटॅशियम परमँगनेटची. एका मुलाला अंगावर शाल देऊन बुवा केलेला. त्यानं मंत्र पुटपुटत चमच्यानं ‘तूप’ सोडलं. काहीच झालं नाही. मुलं हसायला लागली. बुवा घामाघूम. वीसेक आकडे मोजून झाले असतील, मग धूर, आणि भप्पकन जांभळट जाळ. तूप म्हणजे ग्लिसरीन होतं. सरांनी लगेच गुपित फोडलं नाही. ‘उशीर का लागला?’ एवढंच विचारलं आणि अर्धा तास मुलांनाच भांडू दिलं. संध्याकाळी हवा गार होती, हे शेवटी एका मुलीनंच सांगितलं. माझे पैसे तिथंच वसूल झाले.

त्याच मुलीनं नंतर हळूच विचारलं, ‘आमच्या आजीच्या अंगात येतं. ती खोटं बोलते का?’ मी सावरून बसलो, कारण इथं बरेच वक्ते टिंगल करतात. सर म्हणाले, ‘आजी खोटं बोलत नाही बाळा. तिला खरंच तसं वाटतं. वर्षभर तिचं म्हणणं घरात कोण ऐकतं, ते बघ.’ मुलगी बराच वेळ गप्प होती.

आता उणं. रात्री जेवणानंतर मानवतावादावर दीड तास भाषण. संविधानातलं 51 क हे कलम, वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य, सगळं बरोबर. पण निम्मी मुलं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली. आणि मागे ‘समता’ असा फलक लावून पंगतीत वाढत होत्या फक्त मुली. मी तिथंच बोललो. सकाळी पोह्याची पातेली मुलांच्या हातात दिसली, मग अर्धी तक्रार मागे घेतो.

हिशेब मागितला तर बाईंनी दोनशेपानी वही पुढे केली, प्रत्येक बिल डिंकानं चिकटवलेलं. एक नोंद अशी: ‘सरपण, शेजाऱ्यांनी दिले, 0 रु.’ शून्याचीही नोंद ठेवणारा माणूस मला बँकेतसुद्धा क्वचित भेटला. गणपतीच्या वर्गणीला आपण असं काही विचारतो का? मीही विचारत नाही, खोटं कशाला बोलू.

पण खरा घोळ कागदांत झाला. 80 जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर सूट हवी तर संस्थेनं 31 मेपर्यंत 10 बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यायचं होतं. मला ते वेळेत मिळालं, पण पॅनचं शेवटचं अक्षर चुकलेलं. दुरुस्ती होऊन यायला जुलैचा तिसरा आठवडा उजाडला. मी अजून जुन्याच करप्रणालीत आहे, नव्या प्रणालीत ही सूट नाहीच. निम्मी रक्कम वजा, म्हणजे 20 टक्क्यांच्या टप्प्यात, सेस धरून, माझे 1,040 रुपये वाचले. त्यासाठी सात फोन. आणि 2,000 च्या वर रोख दिलीत तर तेही विसरा.

न्यू जर्सीच्या पुतण्यालाही पैसे पाठवायचे होते. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, म्हणजे त्याचा पैसा परदेशी धरतात आणि संस्थेकडे परदेशी पैसा घ्यायला लागते ती एफसीआरए नोंदणी नाही. त्याच्या रूममेटचा पासपोर्ट अजून भारतीय, त्याला स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देता येतात. रूममेटनं 5,000 दिले. पुतण्या त्याला बिर्याणी खिलवून मोकळा झाला.

यंदा एप्रिलमध्येच चेक दिला. पाठीमागे पॅन मोठ्या अक्षरात लिहिला आणि बाईंकडून मोठ्यानं वाचून घेतला. भाषण चाळीस मिनिटांवर आणलंय म्हणतात. दिवाळीत जाऊन घड्याळ लावीन.