गुहागरचा घरगुती मुक्काम: तारखांसकट सगळं नीट

2025 च्या मे महिन्यात आम्ही चार कुटुंबं गुहागरला हा घरगुती मुक्काम चालवणाऱ्या काकूंकडे राहिलो. तारखांवर आमचं एकमत होईना, तेव्हा सरळ त्यांनाच फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "मुलं लहान आहेत का? आंबा खायचाय ना?" मग स्वतःच कॅलेंडर काढलं. 1 मेची जोडसुट्टी टाळा, खोल्याही महाग आणि व्याडेश्वराच्या देवळात रांग. 25 मेच्या पुढे नको, वळीव आला की समुद्रात पाय घालता येत नाही. सोमवारी 12 मेला या, बुद्धपौर्णिमा आहे, म्हणजे एक रजा वाचते, शनिवार-रविवारचे पाहुणे दुपारी निघून जातात आणि रात्री किनाऱ्यावर चांदणं! शिवाय रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून 13 मार्चला, होळीच्या सकाळी आठलाच चिपळूणची तिकिटं काढायला लावली.

सगळं तसंच झालं. सुरूच्या बनाखाली मुलं उशिरापर्यंत खेळली, हापूस शेवटचा पण गोड होता, फणसाची भाजी तर अप्रतिम. न्हाणीघरं दोनच आहेत, मोठ्या ग्रुपला सकाळी अडचण होते. तरी बुकिंगआधी काकूंशी बोलाच.