कृषी केंद्राचं बिलिंग सॉफ्टवेअर: हिशेब पक्का, बटणं कच्ची

चोपडा-यावल पट्ट्यातल्या काही कृषी केंद्रांत हल्ली हे सॉफ्टवेअर दिसतं. नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. स्टॉक, उधारीखातं, जीएसटी यांत खोट नाही. बियाण्याला शून्य, युरियाला ५ टक्के, कीटकनाशकाला १८ टक्के, हे आपोआप बसतं.

गोची बटणांत आहे. जूनमध्ये कापसाच्या बियाण्यासाठी रांग लागली की काउंटरवर माउसला कोण हात लावतं? टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला माणूस एन्टर मारत रकाने ओलांडतो. इथे चुकून डिलीट दाबलं गेलं की ‘ओळ काढायची?’ अशी चौकट येते आणि एन्टरला जोडलेलं बटण असतं ‘होय’. सवयीने मारलेला पुढचा एन्टर तिथेच पडतो, ओळ जाते, आणि गर्दीत ते कळतही नाही. विंडोजमध्ये अशा चौकटीत दुसरं बटण डिफॉल्ट, म्हणजे आधीच निवडलेलं, ठेवण्याची सोय फार पूर्वीपासून आहे, म्हणजे काम किरकोळ आहे. खरं तर ओळ काढायला चौकटच नको. काढावी, आणि खाली थोडा वेळ ‘परत आणा’ दाखवावं.

बाहेर पडतानाचा प्रश्न तर कोडंच: ‘सेव्ह न करता बाहेर पडायचं का?’ उत्तरं होय, नाही, रद्द. ‘नाही’ म्हणजे सेव्ह करून बाहेर की बाहेरच नाही? बटणांवर कामच लिहावं: ‘सेव्ह करा’, ‘सेव्ह करू नका’, ‘बिलावर परत’. एस्केप नेहमी शेवटच्याला जोडावी.

मोबाइल ॲपमध्ये विंडोजचाच क्रम उचललाय: ‘ठीक’ डावीकडे, ‘रद्द’ उजवीकडे. अँड्रॉइडवर होकाराचं बटण उजवीकडे असतं, त्यामुळे अंगठा नेमका ‘रद्द’वर जातो.

सगळ्यात महागात पडणारं डिफॉल्ट मात्र वेगळंच आहे. पेमेंटचा प्रकार मागच्या बिलाचाच राहतो. एकाला उधार दिलं की पुढच्या रोखीवाल्याचं बिलही उधारीत, आणि दिवाळीत वसुलीला गेलं की भांडण. प्रत्येक नवं बिल ‘रोख’वर उघडायला हवं आणि उधार निवडताच ग्राहकाचं नाव सक्तीचं व्हावं. औषधाची बॅचही शेवटी आलेली आधी दिसते. जिची मुदत लवकर संपते ती वर हवी, नाहीतर जुना माल कपाटातच मुदत संपवतो. तारीख आजची आणि नग १, ही दोन डिफॉल्ट बरोबर आहेत, त्यांना हात लावू नये.

सध्या घ्यायचंच असेल तर डेमोवाल्याला माउस बाजूला ठेवायला सांगा. नुसत्या एन्टरवर पाच ओळींचं बिल करा, मध्येच डिलीट दाबा, मग एक उधारीचं आणि लगेच एक रोखीचं बिल काढा. छापलेल्या दोन्ही बिलांवरचा पेमेंट प्रकार वाचूनच पैसे द्या.