ऑफिसातल्या उपकरणांसाठी आयपीए: ७० टक्के की ९९ टक्के?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, मागितलं की बहुतेकदा ९९ टक्क्यांचा डबा पुढे येतो. जास्त टक्के म्हणजे जास्त जंतू मरणार, असं वाटतं. होतं उलटंच.

जंतूंची प्रथिनं मोडायला पाणी लागतं. ९९ टक्केवालं काही सेकंदांत उडून जातं, काम अर्धवट राहतं. ७० टक्केवालं पृष्ठभाग ३० सेकंद ते मिनिटभर ओला ठेवतं. म्हणून कीबोर्ड, माऊस, डेस्कफोन आणि सगळ्यांचे अंगठे झेलणारं हजेरीचं मशीन यांना ७० टक्केच. आधी मशीन बंद करा, केबल काढा. धूळ ब्रशने झाडा, कारण मळाच्या थराखाली अल्कोहोल पोहोचत नाही. मग मायक्रोफायबर कापड नुसतं दमट करून पुसा. थेट फवारलंत तर द्रव बटणांच्या फटीतून आत उतरतो.

९९ टक्क्यांची जागा मशीनच्या आत: रॅमच्या पट्टीवरचे धातूचे संपर्क, बोर्डावर सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्सचा चिकट थर, पावसाळ्यात हिरवट पडलेले कनेक्टर. तिथे पाणी नकोच असतं.

घरात ९९ टक्केवालंच असेल तर १०० मिलीत साधारण ४१ मिली डिस्टिल्ड वॉटर घाला, ७० टक्के तयार. नळाचं पाणी नको, क्षारांचे डाग राहतात.

मॉनिटरला मात्र दोन्ही नकोत; कंपनीने परवानगी दिली असेल तरच वापरा. अँटिग्लेअर, म्हणजे चकाकी रोखणारा, थर एकदा गेला की परत येत नाही. पाण्याने दमट केलेलं कापड पुरतं. अ‍ॅक्रिलिकलाही अल्कोहोलने बारीक तडे जातात. आणि ७० असो की ९९ टक्के, आयपीए ज्वलनशील, तेव्हा डबा पॅन्ट्रीतल्या शेगडीजवळ ठेवू नका.