पालिओ १.६ जीटीएक्स, कन्नडचा घाट आणि विकून टाकलेली झेन

पाचोऱ्याच्या पंपावर गाडी लावली की पेट्रोल टाकणारा पोरगा आधी मीटरचा शून्य दाखवतो आणि लगेच विचारतो, "भाऊ, हाई कितलं देस?" मी आधी थापा मारायचो, आता खरं सांगतो की गावात लिटरला नऊ, हायवेला पाय आवरला तर बारा. मग तो गाडीकडे असा बघतो जसं घरात कोणी आयसीयूत आहे.

तर ही फियाट पालिओ १.६ जीटीएक्स. २००३ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, पुण्याहून २०१८ मध्ये एका रिटायर्ड काकांकडून लाखाच्या आत घेतली आणि चाळीसगावला चालवत आणली. दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच की भो जुनी पण पळणारी छोटी गाडी घ्यायची तर कोणती घेऊ, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. फुलटाइम कौतुक वाचायला आला असाल तर निराश व्हाल आणि शिव्या वाचायला आला असाल तरी निराशच व्हाल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. हॉट हॅच म्हणजे साधी घरगुती डिकीवाली छोटी गाडी, तिच्यात ऐपतीपेक्षा मोठं इंजिन बसवलेलं. जगभर सगळे जिचं नाव घेतात ती फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, १९७५ ला फ्रँकफर्टच्या शोमध्ये दाखवली, १९७६ ला विकायला आली, १.६ लिटर, ११० हॉर्सपॉवर आणि वजन साधारण ८१० किलो. कंपनीला वाटलं होतं ५००० गाड्या खपल्या तरी खूप, पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांच्या वर गेल्या. सीटला चौकड्याचं कापड आणि गिअरच्या दांड्याला गोल्फच्या चेंडूची मूठ. मग १९८४ ला प्यूजोची २०५ जीटीआय आली, ती तर म्हणे वळणात अचानक पाय उचलला की मागचा भाग बाहेर काढायची. आपल्याकडे प्यूजो म्हटलं की कल्याणला बनलेली ३०९ आठवते, आणि तिच्यातून बहुतेक डॉक्टर लोकच फिरायचे, त्यामुळे त्या बाबतीत आपण कोरडेच राहिलो.

आपल्याकडे हा प्रकार खऱ्या अर्थाने २००१ ला पालिओच्या रूपात आला. १.२ वाली सगळ्यांनी घेतली, १.६ वाली वेड्यांनी. १६ व्हॉल्वचं इंजिन, १०० च्या आसपास हॉर्सपॉवर, तेव्हा बाकीच्या हॅचबॅक ५०-७५ मध्ये खेळत होत्या. डिझाइनवर इटालियन डिझायनर जुजारोचा हात, बनायची मुंबईत कुर्ल्याला, जाहिरातीत सचिन. त्याच्या सहीची एस१० पण काढली होती, फक्त ५०० गाड्या. मी शाळेत असताना धुळ्याला मामाकडे गेलो की त्याच्या गल्लीत एक पिवळी पालिओ उभी असायची, ती बघायलाच मी उगाच दोन चकरा जास्त मारायचो. मामी म्हणायची पोरगा फार कामाचा आहे, दूध आणायला स्वतःहून जातो.

आता चालवायला कशी. चाळीसगाव सोडलं की समोर सातमाळा डोंगररांगेची भिंत उभी राहते आणि कन्नडचा घाट सुरू होतो, ज्याला कागदोपत्री औट्रम घाट म्हणतात (तोच जेम्स औट्रम ज्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली). इथे ही गाडी कळते. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग आहे, वजनदार, आजच्या गाड्यांसारखं गुळगुळीत व्हिडिओ गेमचं नाही, त्यामुळे पुढचं चाक खड्ड्याच्या काठावर आहे की खड्ड्यात आहे ते तळहाताला कळतं. दुसऱ्या गिअरला वळणात घातली की बॉडी आधी बैलगाडीसारखी एका अंगाला कलते, नवीन माणूस घाबरतोच, पण कलल्यावर जी बसते ती बसते, मग हलत नाही. तिसऱ्याला चार हजारच्या वर सुई गेली की इंजिनचा आवाज बदलतो, आधी गुरगुर असते तिथे एक कोरडी खरखर येते आणि गाडी पुढे ओढली जाते, आणि तेवढ्यासाठी मी पेट्रोलचं बिल बायकोपासून लपवतो. गिअर मात्र लांब पडतात, दांडा म्हणजे ताकातली रवी. ब्रेक पहिल्या अर्ध्या इंचात काहीच बोलत नाही, मग एकदम बोलतो.

आणि हे बघा, घाटात शर्यत लावायची नाही. माकडं असतात, दरडी असतात, २०२१ च्या ऑगस्टअखेरच्या पावसात तर अख्खा घाट बंद पडला होता. मी पहाटे जातो, आपल्या लेनमध्ये राहून, समोरून कोणी नसतं तेव्हा. मजा साठच्या स्पीडलाही येते, आणि हे साठचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हायवेला ही गाडी राजा आहे. धुळ्याहून लळिंगचा चढ पाचव्या गिअरला, एसी चालू, चार माणसं आणि मागे भरताच्या वांग्यांची गोणी, तरी दम लागत नाही. दार लावलं की धप्प आवाज येतो, त्या एका आवाजावर आमचे वडील, आण्णा, खूश. पत्रा जाड आहे. एसीचं तर काय सांगू, मे महिन्यात भुसावळला ४५ डिग्रीत दुपारी दोनला गाडी उन्हातून काढली तरी सावद्याला पोचेपर्यंत माझी आई म्हणते बंद कर रे, गुडघे दुखायला लागले. खान्देशात राहणाऱ्या माणसाने गाडीत पहिलं हेच बघावं, हॉर्सपॉवर नंतर.

खर्चाचं. घेतली तेव्हाच १५ वर्षं भरत होती म्हणून लगेच पासिंग, ग्रीन टॅक्स, मग पाच वर्षांनी २०२३ ला पुन्हा, तोवर कारच्या रिन्यूअलची फी ५००० झाली होती. पार्ट कंपनीकडून आता काय मिळणार, पण सिएना, पेट्रा, ॲडव्हेंचर या सगळ्या एकाच खानदानातल्या, त्यामुळे भंगारवाल्याशी दोस्ती ठेवायची, बरंच काही बसतं. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व वेळेवर चालवणारा पट्टा) आधीच्या मालकाच्या तोंडी शब्दावर ठेवायचा नाही, घेतल्या घेतल्या बदलायचा, टेन्शनरसकट. आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल झालंय आणि २००३ च्या काळातल्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत, म्हणून मी पेट्रोल लाइनचे रबरी पाइप सगळे बदलून घेतले, फार खर्च नाही आला.

सगळ्यात मोठा फटका मला गाडीने नाही, एका वर्कशॉपने दिला. नाव लिहीत नाही, मोठ्या शहरातलं आहे, काचेची केबिन, मशीनची कॉफी, टायवाला पोरगा. त्यांनी रेडिएटर फॅनची वायरिंग "अपग्रेड" करून दिली. महिनाभराने कन्नडहून परत येताना, उतार संपत आलेला, काट्याकडे लक्ष गेलं तर काटा लाल पट्टीत. बोनेट उघडलं तर फॅनची वायर नुसती पिळून टेप मारलेली, ती सुटलेली. हेड गॅस्केट गेलं, २२ हजाराला पडलं. शेवटी भुसावळचे आमचे चाचा, पत्र्याचं शेड आणि खाली काळी माती, त्यांनी वायरिंग बघितली आणि म्हणाले, "भाई, ये काम किया किसने, इलेक्ट्रिशियन था के फूलवाला?" त्यांनी सोल्डर करून दिली ती आजपर्यंत चालू आहे. एसीतली कॉफी नाही मिळत तिथे, चहा मिळतो, कटिंग.

मधे एक प्रश्न येतोच की मग अशा गाड्या बंद का झाल्या. लोक म्हणतात ॲव्हरेजमुळे, ते आहेच, पण खरा खिळा २००६ च्या बजेटने ठोकला. चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत असेल तर एक्साइज २४ वरून १६ टक्के. आता सांगा, १६०० सीसीची छोटी गाडी कोण कशाला बनवेल. स्विफ्टचंच बघा ना, २००५ ला आली तेव्हा १.३ चं ८७ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, काय गोड फिरायचं ते, २०१० ला १.२ झालं. माझ्या अमळनेरच्या मित्राकडे अजून ती १.३ आहे आणि रोजच्या वापराला कोणी विचारलं तर मी डोळे झाकून तीच सांगतो, पार्ट कुठेही, मेकॅनिक कुठेही. स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे, बोलत नाही फारसं, पण सगळ्याच गोष्टी बोलायला पाहिजेत असं थोडीच आहे. नंतर टर्बोवाल्या आल्या, २०१५ ला रांजणगावची अबार्थ पुंटो १४५ हॉर्सपॉवरची, आणि २०१६ ला पोलो जीटीआय साधारण २६ लाखांना, दोनच दारं आणि मागे डिकी. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मागची दोन दारं पुढच्या वर्षी देणार आहेत का?"

आता ते साठचं.

पालिओ घ्यायला पैसे कमी पडत होते म्हणून मी आण्णांची १९९९ ची झेन विकली. मारुतीची झेन, १९९३ ला आलेली, ९९३ सीसी, ॲल्युमिनियमचं इंजिन, ५० हॉर्सपॉवर, म्हणजे पालिओच्या बरोबर अर्धी. पॉवर स्टीअरिंग नाही, एसी म्हणजे कोणीतरी लांबून फुंकर मारतंय. पण वजन साडेसातशे किलोच्या आसपास. हीच गोष्ट मला तेव्हा कळली नाही. कन्नडच्या घाटात झेन चाळीसला पण तशी मजा द्यायची जशी पालिओ साठ-सत्तरला देते, कारण ती कलायच्या आधीच वळलेली असायची, दुसरा गिअर पूर्ण पिळला तरी आपण कायद्यात असायचो. पालिओ ताकद दाखवते, मग तिला रस्ता लागतो, मोकळा रस्ता लागतो, आणि खान्देशात मोकळा रस्ता म्हणजे पहाटे पाच ते साडेसहा, त्यानंतर ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, आणि रस्त्यावर वाळत घातलेली ज्वारी. झेनला भडगावच्या बाजारातली गल्ली पण घाटच होती. आज विचार करतो तर वाटतं की त्या गोल्फवाल्यांचं पण गणित ८१० किलोतच होतं, ११० हॉर्सपॉवर नंतर.

हे मी सात वर्षं कबूल करत नव्हतो. पालिओ वाईट नाही रे, आई-आण्णांना घेऊन सप्तशृंगीला जायचं तर हीच, आणि मी विकणार पण नाही. पण कोणी कॉलेज संपलेला पोरगा मला विचारतो की १.६ घेऊ का, तेव्हा मी म्हणतो आधी एक चांगली झेन शोध, राहिलेल्या पैशात टायर आणि शॉकअप नवीन टाक, आणि वर्षभर चालव.

मागच्या दिवाळीत मी आमची झेन शोधत पारोळ्याच्या पुढे एका खेड्यात गेलो. सापडली. घेणारा माणूस तोच, मागची सीट काढून टाकलेली, आत खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, डाव्या दारावर बैलाच्या शिंगाचा पोचा. चावी मागितली, त्याने दिली पण. अर्ध्या सेल्फला चालू. शेतातल्या रस्त्याने एक चक्कर मारून आलो आणि विचारलं, देता का परत, तुम्ही सांगाल तो भाव. तो गोणी उतरवता उतरवताच म्हणाला, "इकानी नही शे भो."

म्हणून सध्या दुसरी शोधतोय. पुढच्या रविवारी चोपड्याला एक बघायला जातोय, २००१ ची, मालक म्हणतो गंज नाही, बघू. कोणाच्या ओळखीत कोरड्या भागातली, फ्लोअरचा पत्रा शाबूत असलेली असेल तर कळवा. ती तीन दारांची झेन कार्बन आणि झेन स्टील नको, त्यांचे भाव ऐकून मला पुन्हा पालिओच स्वस्त वाटायला लागते.